ओळ चौदा, खुर्ची एकवीस ते तेवीस

ईमेल शनिवारी आली आणि ठकूने मंगळवारपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

तशी ती ईमेल तिची नव्हतीच, बाबांची होती. पण बाबांचं आणि ईमेलचं कधी जमलं नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी फुटबॉल क्लबने सगळ्यांचे पत्ते कॉम्प्युटरवर घेतले तेव्हा ठकूने आपलाच पत्ता देऊन टाकला होता. काय येणार आहे त्यात, मॅचची वेळ नाहीतर वाढदिवसाच्या शुभेच्छा, असं तेव्हा वाटलं होतं. आता आलं होतं ते असं: वर्षभर बंद असलेलं मैदान सात मार्चपासून उघडणार. चार खुर्च्यांतली एकच भरणार. तोंडावर मास्क, ओरडायचं नाही, गाणी म्हणायची नाहीत. एका घरात राहणारे शेजारीशेजारी बसतील, बाकीच्यांमध्ये तीन-तीन खुर्च्या रिकाम्या राहतील. पासष्टच्या पुढच्यांनी नीट विचार करावा. यंदा आला नाहीत तरी खुर्ची पुढच्या हंगामाला तुमचीच. काय ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा. आणि खाली बाबांचं नाव, शिंपीकाकांचं नाव, पोस्टमनकाकांचं नाव, त्यापुढे छापलेलं, 'एकाच कुटुंबातील सदस्य: तीन.'

हे 'कुटुंब' म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीचा एक चावटपणा होता. तेव्हा छपराखालच्या खुर्च्या फक्त कुटुंबांना मिळत. एकेकट्या माणसाने उन्हापावसात बसायचं. पोस्टमनकाकांनी अर्ज भरला आणि तिघांना भाऊ करून टाकलं. आडनावं तीन वेगळी, म्हणून नात्याच्या रकान्यात एक मामेभाऊ, एक आतेभाऊ. तिघांचा पत्ता एकच, बाबांचा. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला, तिघांची तोंडं पाहिली आणि शिक्का मारला. तेव्हापासून ओळ चौदा, खुर्ची एकवीस ते तेवीस. लग्नं झाली, पोरं झाली, ठकूची आई गेली, पण त्या तीन खुर्च्या हलल्या नाहीत.

ठकू आता एकतीस वर्षांची होती, दोन पदव्या होत्या, तरी घरात ठकूच. बाळंतपणाला म्हणून माहेरी आली ती साथीमुळे इथेच राहिली. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून एकदा तपासणी करून यायचा. बाळ सात आठवडे आधी आलं होतं. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सांगितलं होतं, "हिची फुप्फुसं अजून शिकतायत. वर्षभर साधी सर्दीसुद्धा लागू देऊ नका." ते वाक्य ठकूच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. बाळाला आता नववा महिना लागला होता, आणि ठकू अजून रात्रीतून चारदा उठून तिच्या नाकापाशी बोट धरायची.

त्यात तिचं काम असं, की शांतपणे घाबरायचीसुद्धा सोय नव्हती. आरोग्य खात्यासाठी घरून फोन करायचे. कोण आजारी पडलं की त्याला विचारायचं: घरात कोण कोण असतं, दोन दिवसांत कुणाला भेटलात, कुणाबरोबर जेवलात. सकाळी नऊ ते दोन, स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलावर, कानात हेडफोन. तेवढा वेळ बाळ बाबांकडे. बाबा तिला खांद्यावर टाकून खोलीभर फिरायचे, भरवायचे, झोपवायचे. दुसरं कुणी ठेवायचं म्हणजे परका माणूस घरात आणायचा. म्हणजे बाबा होते म्हणून नोकरी होती, एवढं सरळ होतं ते.

म्हणून ठकूने ईमेल दाबून ठेवली. शुक्रवारचे पाच वाजले की प्रश्न मिटला, खुर्ची पुढच्या वर्षी आहेच, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

मंगळवारी दुपारी अडीचला खालून हाक आली. पोस्टमनकाका फाटकाबाहेर उभे, मास्क हनुवटीवर, सायकल हातात.

"ए भावा! भरलास का फॉर्म?"

बाबा खिडकीत गेले. "कसला फॉर्म?"

"अरे, मैदान उघडतंय! शुक्रवार शेवटचा. माझा पोरगा वाचून दाखवत होता बातमी. कुटुंबप्रमुख तू, तुझ्याकडे आली असेल ईमेल."

बाबा वळले. ठकू बाळाची वाटी धूत होती. ती एकदम फारच मन लावून धुवायला लागली.

"ठकू?"

"शनिवारी आली," ती म्हणाली.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि दोरीवरचे बाळाचे कपडे काढून घड्या घालायला बसले. एकेक लंगोट इस्त्री केल्यासारखा दाबून दाबून. बाबा रागावले की घरातली कामं करत, आणि ती इतकी नीट करत की बघणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

"बाबा, मी सांगणार होते."

"कधी? शनिवारी?"

"तुमचं वय एकाहत्तर आहे. लशीचा नंबर अजून लागलेला नाही. मी दिवसभर काय ऐकते ते तुम्हाला माहितेय का? काल एकाने सांगितलं, फक्त भावाच्या घरी गेलो होतो, पाच मिनिटं. आता घरातले सहा आडवे."

"मी जातो म्हटलं का?"

"मग जाणार नाही म्हणा."

बाबांनी लंगोट बाजूला ठेवला. "तू माझी पत्रं उघडायची, वाचायची, लपवायची, आणि वर मीच शपथ घ्यायची. चांगलंय."

ठकूच्या डोक्यात तिडीक गेली, आणि सगळ्यात जास्त राग याचा की त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

बुधवारी सकाळी तिघांची बैठक भरली. इमारतीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत, प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या, एकमेकींपासून चार-चार हात. ठकू बाळाला घेऊन पहिल्या मजल्याच्या जिन्यात उभी राहिली. बुधवारी तिची सुट्टी असे, आणि आता काही लपवायचं नाही असं ठरवल्यामुळे उघडपणे ऐकत होती.

"जायचं म्हणजे जायचंच," पोस्टमनकाका म्हणाले. "चाळीस वर्षं दारोदार हिंडलो. कुत्री चावली, कावीळ झाली. हा विषाणू काय माझं पार्सल घेऊन येणारे?"

"तू तेवढा मास्क वर कर आधी," बाबा म्हणाले.

"मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते. मॅच काय अंदाजाने बघू?"

यावर शिंपीकाका हसले. "मी गेली तीन वर्षं अंदाजानेच बघतोय."

शिंपीकाकांचे डोळे जात चालले होते. कडेकडेचं दिसायचं, नेमकं मध्ये बघायला गेलं की काळा डाग. सुईत दोरा ओवणं कधीच बंद झालं होतं. दुकान नावाला उघडं, कातरीचं काम हाताच्या सवयीने. बायको गेलेली, मुलगी परदेशात, राहायला दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. हिरवं मैदान, हलणारे रंग, दिव्यांचा उजेड एवढं त्यांना अजून कळायचं. बाकीचं बाबा सांगायचे. मॅच चालू झाली की बाबा डावीकडे कलून त्यांच्या कानाला लागायचे ते नव्वद मिनिटं तसेच. ठकू लहानपणी बरोबर गेलेली. पण हे तीन वर्षांपासूनचं तिने फक्त ऐकलं होतं.

"मध्ये तीन खुर्च्या सोडून बसलात तर सांगणार कसं?" तिने वरून विचारलं. "ओरडायलाही बंदी आहे."

"तीन खुर्च्या परक्यांना," पोस्टमनकाका म्हणाले. "आम्ही भाऊ! कागदावर आहे. सरकारमान्य."

"काका, ते खोटं आहे."

"अडतीस वर्षं चाललेली गोष्ट खोटी कशी असेल?"

ठकू दोन पायऱ्या खाली आली. "एका घरात राहतो असं तुम्ही लिहून देणार. तुमच्यातलं कुणी आजारी पडलं की आमचं ऑफिस यादी काढतं. तुमच्या तिघांचा पत्ता हा. फोन इथे येणार, दारावर कागद इथे लागणार. आणि तुमच्या खऱ्या घरातल्या माणसांना कुणी विचारणारच नाही, कारण कागदावर ती नाहीतच. तुमची नातवंडं शाळेत जात राहणार. हे असं होतं, काका. मी रोज बघते."

पोस्टमनकाकांनी मास्क वर केला. पहिल्यांदाच.

"आणि बाबा," तिला आता थांबता येईना, "सात मॅच आहेत. दर पंधरवड्याला एक. मॅचनंतर दहा दिवस तुम्ही बाळाला हात लावायचा नाही. उरले चार. चार दिवस घ्याल, की परत मॅच. मी कामाला बसायचं कधी? ऑफिसला सांगू, माझे वडील फुटबॉलला गेलेत?"

उत्तर शिंपीकाकांनी दिलं.

"नको जाऊया. पोरगी बरोबर बोलतेय. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले. मग ठकूकडे न बघता, जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टरने काय सांगितलं ते सांग तिला."

"अरे, जाऊ दे."

"पुढच्या वर्षी याला दिवेसुद्धा दिसणार नाहीत. डिसेंबरपर्यंत, म्हणाले. फार तर."

बाळाने तेवढ्यात ठकूच्या कानातलं ओढलं. तिला खूप दुखलं, आणि दुखायला काहीतरी धड कारण मिळालं म्हणून बरंही वाटलं.

तोडगा ठकूनेच काढला. त्याच संध्याकाळी सहाला बाहेरगावची मॅच टीव्हीवर होती. शिंपीकाका त्यांच्या घरी टीव्ही लावतील, बाबा इथे लावतील, फोन चालू ठेवतील, आणि बाबा कानात सांगतील तसंच सांगतील. ना मास्क, ना गर्दी. तिने स्वतः जाऊन शिंपीकाकांच्या दारातून त्यांचा फोन लावून दिला, हेडफोनची वायर दाखवली. मनात म्हणाली, झालं, सुटलं.

सव्वासहाला कळलं की सुटलेलं नाही. दोन्ही टीव्हींमध्ये पंधरा-वीस सेकंदांचं अंतर होतं. शिंपीकाकांच्या खोलीतला टीव्ही पुढे, इथला मागे.

"आपला डावा विंगर चेंडू घेऊन निघालाय," बाबा सांगत, "समोर दोघं आहेत, एकाला चकवलं—"

"गेला बाहेर," फोनमधून शिंपीकाका.

"कुठे बाहेर? अजून आहे त्याच्याकडे."

"अरे, इथे टीव्हीवरच्या बाईने सांगितलं, बाहेर गेला म्हणून."

बाबा थांबले. वीस सेकंदांनी चेंडू बाहेर गेला.

"मग आवाज बंद करा काका," ठकू म्हणाली. आवाज बंद केला. पण शिंपीकाका प्रश्न विचारायला लागले, आणि तिथे घोडं खरं अडलं.

"आपला राइट बॅक कुठे उभाय?"

"दिसत नाही."

"वर गेलाय का मागे राहिलाय?"

"अरे, दिसत नाही म्हणतोय ना! कॅमेरा चेंडूच्या मागे पळतोय. चेंडू सोडून बाकी मैदान दाखवतच नाहीत हे लोक."

"त्यांचा गोलकीपर लाइनवर आहे का पुढे?"

"मला काय माहीत!" बाबांनी रिमोट सोफ्यावर आपटला. "तोंड दाखवतायत एकाचं. इतकं मोठं! घाम पुसतोय. तुला सांगू, घाम पुसतोय म्हणून?"

ठकू दारात उभी होती. तिला आजवर वाटायचं, बाबा काकांना मॅचमध्ये काय झालं ते सांगतात. ते तसं नव्हतंच. जे झालं ते काकांना लोकांच्या आवाजावरूनच कळायचं. बाबा सांगायचे ते बाकीचं: चेंडू दुसऱ्या टोकाला असताना कोण कुठे रेंगाळतोय, कोण हळूच पुढे सरकतोय, कुणाचा श्वास संपलाय. सगळं मैदान एकदम बघून काकांच्या डोक्यात मांडून द्यायचं. ते टीव्हीवरून जमणार नव्हतं. मध्यंतराला शिंपीकाका म्हणाले, "बाबा रे, दमला असशील, ठेव आता." बाबांनी फोन ठेवला आणि उठून संडास घासायला घेतला.

गुरुवारी बाबा कुणाशी धड बोलले नाहीत. बाळाशी बोलत होते, पण तेही कमी. दुपारी पोस्टमनकाकांचा फोन आला. सूनबाईंनी सांगितलंय, मैदानात गेलात तर महिनाभर गॅलरीत झोपायचं. "मी भितो असं नाही हं," ते म्हणाले, "पण गॅलरीत डास फार." सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस सगळ्यात आधी गळला.

ठकूला वाटलं, आता बाबाही थंड होतील. संध्याकाळी तिने त्यांच्या खोलीत डोकावलं तर पलंगावर बॅग उघडी. शर्ट, औषधांचा डबा, दाढीचं सामान, गरम बनियन.

"हे काय?"

"तुमच्या ऑफिसात एक घर कशाला म्हणतात?"

"म्हणजे?"

"तू फोनवर सांगत असतेस. मी काय बहिरा आहे? एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर जेवणारे, त्यांना एक घर म्हणायचं. असंच सांगतेस ना?"

"बाबा."

"मी शिंप्याकडे राहायला जातोय. सातही मॅच संपेपर्यंत. बाळाला धोका नाही, तुमच्या यादीत घोळ नाही, फॉर्ममध्ये खोटं नाही. आम्ही दोघं एका घरात राहणारे, खुर्च्या शेजारीशेजारी. तूच म्हणालीस, खोटं लिहू नका."

ठकूने घातलेली प्रत्येक अट त्यांनी पाळली होती. दिवसभर फोनवर ती ज्या शब्दांनी लोकांना अडवत होती तेच शब्द नीट घडी करून त्यांनी बॅगेत भरले होते.

"आणि मी?" ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला. "मी बाळाला कुणाकडे ठेवू? तुम्ही आहात म्हणून मी—"

"माहितेय."

"माहितेय आणि तरी जाताय."

"हो." बाबा पलंगावर बसले. "ठकू, आई आजारी होती तेव्हा सहा महिने शिंप्याने दुकान दुपारी बंद ठेवलं. तिच्याजवळ बसायला. मी कामावर, तू परीक्षेत. त्याने कधी विचारलं नाही, माझ्या दुकानाचं काय. मी तुला हे सांगतोय म्हणजे तुझं बरोबर नाही असं नाही. तुझं बरोबरच आहे. पण तुझ्यापुढे अजून वर्षं आहेत रडायला, भांडायला. त्याच्याकडे सात मॅच आहेत."

"हे बोलायला छान आहे," ठकू म्हणाली. "उद्या नऊ वाजता मी काय करू ते सांगा."

बाबांनी औषधांचा डबा उघडून पुन्हा बंद केला.

शुक्रवारी नऊ ते दोन बाबांनी बाळाला सांभाळलं, शेवटचं. ठकू फोन करत होती, मधल्या मधल्या वेळात क्लबचा फॉर्म उघडून बसत होती. पाचच्या आत. तिला सहज करता आलं असतं: बटण दाबायचंच नाही. पाच वाजू द्यायचे आणि म्हणायचं, नेट गेलं होतं. बाबांनी मानलं असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं. पावणेतीनला बाळ झोपलं तेव्हा तिने पत्त्याच्या रकान्यातला घराचा पत्ता पुसला, शिंपीकाकांच्या दुकानाचा घातला. तीन सदस्यांचे दोन केले. पोस्टमनकाकांच्या खुर्चीपुढे 'यंदा नाही, राखून ठेवा' लिहिलं. नात्याच्या रकान्यात अजून आतेभाऊ होतं. तिथे तिने 'मित्र' केलं, तर फॉर्म पुढे जाईना. लाल अक्षरांत सांगे, योग्य नातं निवडा. तीनदा केलं, तीनदा तेच. शेवटी दात-ओठ खात तिने आतेभाऊ ठेवलं आणि बटण दाबलं.

मग सुपरवायझरबाईंना फोन लावला. सकाळऐवजी बाळ झोपतं त्या वेळात अर्धंच काम मिळेल का. बाईंनी उसासा सोडला. "आत्ता? आकडे बघतेयस ना तू?" आणि मग, "बघते. पगारही अर्धाच होईल." "हो," ठकू म्हणाली. "कारण काय लिहू?" "घरगुती." "सगळ्यांचं घरगुतीच असतं ग," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार वाजता बाबा निघाले. शिंपीकाका खाली येऊन थांबले होते, काठी टेकत. वर यायला तयार नव्हते. "ठकू," त्यांनी खालून हाक मारली, "मी याला नको म्हटलंय हं. दहादा नको म्हटलंय." त्यांच्यावर रागावायला ठकूला काहीच सापडत नव्हतं, आणि तोच मोठा वैताग होता.

बाबांनी चपला घातल्या. बाळ ठकूच्या कडेवर, हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावत होतं. रोज या वेळेला ते तिला गच्चीवर न्यायचे.

"परत कधी घेता येईल मला हिला?" त्यांनी विचारलं.

ठकूने हिशोब आधीच करून ठेवला होता. "शेवटची मॅच तीस मेला. पुढे दहा दिवस. नऊ जून."

"नऊ जून." त्यांनी मान हलवली. "तोवर चालायला लागलेली असेल ही."

"असेल."

"पहिलं पाऊल टाकलं की लगेच फोन कर."

"नाही करणार," ठकू म्हणाली.

बाबांनी बॅग उचलली आणि जिना उतरायला लागले, कठड्याला धरून, एकेक पायरी. बाळ रडायला लागलं. ठकूने दार लावून घेतलं, मग पुन्हा उघडलं, आणि ते खालच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी राहिली. "मास्क नाकावर घ्या" एवढंच जोरात सांगितलं.